भिंगाची लांबी कोण मोजतो?

वानखेडे स्टेडियमच्या फाटकावर झडती होते तेव्हा पाण्याची बाटली, खिशातली नाणी, पॉवर बँक आणि पाठीवरची बॅग यांच्याबरोबर कॅमेराही बाहेर राहतो. मोबाईल मात्र आत जातो. आयपीएलच्या तिकिटामागच्या अटी वाचणारा प्रेक्षक हजारात एखादाच. त्याने त्या वाचल्या तर त्याला कळते की निषिद्ध वस्तूंच्या यादीत कॅमेरा आहे. आत काढलेल्या छायाचित्राचा व्यापारी वापर करायचा नाही, अशी तंबीही तिथेच आहे. म्हणजे तिकीट काढले ते फक्त डोळ्यांनी पाहण्याचे. जे पाहिले ते चांगल्या कॅमेऱ्यात धरून घरी न्यायचा हक्क त्या पैशांत येत नाही.

खेळाच्या पानावरचा हा विषय या स्तंभात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या समाजाचा चेहरा शतकभर जगाने दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यातून पाहिला, त्या समाजाने कॅमेरा कुठे अडवला जातो आणि कुठे मोकाट सोडला जातो याचा हिशेब ठेवलाच पाहिजे. हा हिशेब मांडायला पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांइतका योग्य मुलूख दुसरा नाही. का, ते पुढे येईलच. आधी हा भिंगाचा कायदा काय आहे ते पाहू.

आपल्याकडे मोठ्या सामन्यांना कॅमेऱ्यावर सरसकट बंदी असते. परदेशात बंदीऐवजी माप असते. विम्बल्डनला टेनिस पाहायला जाणाऱ्याला ३०० मिलिमीटरपर्यंतचे भिंग नेता येते. ऑस्ट्रेलियातल्या क्रिकेटच्या मैदानांवर ही हद्द २०० मिलिमीटरची. अमेरिकेतल्या अनेक स्टेडियमांनी तर मिलिमीटरची भानगडच ठेवलेली नाही. तिथे दारावरचा माणूस भिंगाची नळी किती लांब आहे ते पाहतो आणि सहा इंचांच्या वर गेली की परत पाठवतो.

ज्यांनी मोबाईलखेरीज दुसरा कॅमेरा हाताळलेला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भिंगावर लिहिलेले मिलिमीटर म्हणजे नळीची लांबी नव्हे. त्याला फोकल लेंथ म्हणतात. ती जितकी जास्त तितकी दूरची वस्तू जवळ येते. ५० मिलिमीटरच्या भिंगातून जग साधारण आपल्या डोळ्याला दिसते तसे दिसते, २०० चे भिंग तेच चारपट जवळ आणते. स्टेडियमच्या वरच्या सज्जात बसून २०० च्या भिंगाने फलंदाज टिपला तर तो ओळखू येईल, पण चित्रात लहानसाच राहील. म्हणून सीमारेषेवर बसलेले वृत्तपत्रांचे छायाचित्रकार ४०० आणि ६०० मिलिमीटरची भिंगे वापरतात. तसले एक नवे भिंग दहा लाखांच्या घरात जाते. डहाणूच्या चिकूवाडीत रोजंदारी करणाऱ्या बापाच्या पोराने असले भिंग दुकानाच्या काचेतूनच पाहायचे.

आता हे माप किती पोकळ आहे ते पाहा. शिकाऊ छायाचित्रकार ७० ते ३०० मिलिमीटरचे स्वस्तातले भिंग घेतो. हे भिंग बंद असताना बहुधा सहा इंचांच्या आत असते आणि पूर्ण बाहेर काढले की मापाबाहेर जाते. मग दारावरच्या माणसाने कोणती लांबी धरायची? निकॉन कंपनीने २०१५ साली पी-९०० नावाचा कॅमेरा काढला. त्याचे भिंग काढता येत नाही, बंद असताना तो सगळाच्या सगळा सहा इंचांत मावतो, आणि २००० मिलिमीटरच्या भिंगाइतके दूरचे जवळ आणतो. इंचांच्या नियमाने तो आत गेला पाहिजे, मिलिमीटरच्या नियमाने फाटकाच्या शंभर पावले अलीकडेच थांबवला पाहिजे. दारावर उभ्या असलेल्या कंत्राटी सुरक्षा रक्षकाला हे कोणी शिकवलेले नसते. तो बिचारा भिंग पाहत नाही, माणूस पाहतो. गळ्यात पट्टा असलेला, इंग्रजीत हुज्जत घालणारा माणूस एकीकडे आणि कापडी पिशवीत कॅमेरा गुंडाळून आणलेले पोर दुसरीकडे. अस्पष्ट नियमाचा जाच कोणाला होतो हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. रेशनच्या रांगेपासून जातपडताळणीच्या खिडकीपर्यंत आपण ते भोगलेले आहे.

या नियमांच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे मात्र नाही. दोन किलोचे भिंग वरच्या मजल्यावरून खाली पडले तर डोके फुटेल. तिपाई लावली तर मागच्याला सामना दिसणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईत कुठल्याही गर्दीच्या जागी झडती होणारच, आणि ती झाली पाहिजे. हे सगळे मान्य. पण सुरक्षेच्या कारणाने वजन मोजता येईल, तिपाई अडवता येईल, बॅग उघडून पाहता येईल. फोकल लेंथ मोजण्याचे सुरक्षेला काय कारण? ३०१ मिलिमीटरचे भिंग २९९ पेक्षा जास्त घातक असते काय? नाही. ते फक्त जास्त चांगले छायाचित्र काढते. खरे कारण तिथे आहे. चांगले छायाचित्र विकता येते, आणि विकण्याचा मक्ता आधीच देऊन टाकलेला असतो.

हा मक्ता केवढ्याचा? २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलच्या प्रसारणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. मैदानावर घडणाऱ्या प्रत्येक क्षणाचे चित्र हा माल आहे, हे ज्यांना कळले त्यांनी त्या मालाभोवती कुंपण घातले. नोव्हेंबर २०१२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा बीसीसीआयने गेटी इमेजेससारख्या छायाचित्र संस्थांना प्रवेशपत्रेच दिली नाहीत. निषेध म्हणून रॉयटर्स, असोसिएटेड प्रेस आणि एएफपी या जगातल्या तीन बड्या वृत्तसंस्थांनी त्या मालिकेचे वार्तांकन थांबवले. त्या मालिकेतली दुसरी कसोटी वानखेडेवर झाली, इंग्लंडने ती दहा गडी राखून जिंकली, आणि हे बलाढ्य छायाचित्रकार बाहेरच राहिले. त्याआधी २००८ साली आयपीएल सुरू होतानाही छायाचित्रांच्या अटींवरून वृत्तसंस्थांशी वाद झालाच होता. ज्यांच्या मागे वकिलांची फौज उभी असते त्यांची ही गत. मग बहुजन समाजाच्या छोट्या दैनिकाच्या, जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या साप्ताहिकाच्या बातमीदाराला सीमारेषेवरची जागा कोण देणार? प्रवेशपत्रासाठी मोठ्या वृत्तपत्राचे पत्र लागते. मोठ्या वृत्तपत्रात आपल्या पोरांना नोकरी मिळत नाही. नोकरी नाही म्हणून पत्र नाही, पत्र नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून पुन्हा नोकरी नाही. हे रहाट आपल्या ओळखीचे आहे.

खासगी दुकान आहे, त्यांचे नियम ते ठरवतील, असे कोणी म्हणेल. पण हे दुकान कोणाच्या जागेवर आहे? वानखेडे स्टेडियम सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभे आहे. सामन्यांना बंदोबस्त लागतो तो राज्याच्या पोलिसांचा. त्या बंदोबस्ताचे शुल्क राज्य सरकारने २०२३ साली कमी केले आणि ही सवलत मागे नेऊन २०११ पासून लागू धरली. म्हणजे जमीन जनतेची, पोलीस जनतेचे, सवलत जनतेच्या तिजोरीतून, आणि चित्राचा हक्क तेवढा मक्तेदाराचा! जाब विचारावा तर तीही वाट अरुंद. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा केला, त्यात माहितीचा अधिकार सरकारी अनुदान घेणाऱ्या क्रीडा संघटनांपुरता ठेवला. बीसीसीआय अनुदान घेत नाही, म्हणून सुटली. जमिनीची आणि बंदोबस्ताची सवलत ही अनुदानात मोजली जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता डहाणूकडे येऊ. मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्द पश्चिम रेल्वेवर थेट डहाणूपर्यंत आहे. कागदावर डहाणूचा मुलगा मुंबईचा खेळाडू आहे आणि वानखेडे हे त्याचे घरचे मैदान आहे. प्रत्यक्षात डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर १२४ किलोमीटर आहे. उपनगरी लोकल डहाणूपर्यंत पोहोचायला एप्रिल २०१३ उजाडावा लागला. त्यानंतरही या मार्गावर गाड्या मोजक्याच. तलासरीचे तर तालुक्याचे ठिकाण रेल्वेवरच नाही. महामार्गावरून, गुजरातच्या सीमेला खेटून ते गाव बसले आहे. पालघरचा शार्दूल ठाकूर खांद्यावर क्रिकेटची बॅग टाकून लोकलने मुंबई गाठत असे, ते आता सगळ्यांना माहीत आहे. २०१८ साली तो कसोटी खेळला आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला पहिल्या डावात ६७ धावा काढून त्याने सामना फिरवला. त्याच्या प्रवासाचे कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. पण पालघरच्या पुढची जी स्टेशने आहेत, आणि स्टेशनांपासून आत डोंगराकडे जे पाडे आहेत, तिथून खेळाडूही निघत नाही आणि छायाचित्रकारही निघत नाही. गुण नाहीत म्हणून? जी मुले पाड्यावरून शाळेपर्यंत रोज चार-पाच किलोमीटर चालतात त्यांच्या पायांत दम नाही असे म्हणायची कोणाची छाती आहे?

समजा तलासरी तालुक्यातल्या एखाद्या वारली मुलीने जुन्या बाजारातून कॅमेरा घेतला, त्याला ७० ते ३०० चे भिंग जोडले आणि क्रीडा छायाचित्रकार व्हायचे ठरवले. सामना पाहायला ती एसटीने डहाणूला येईल, तिथून लोकलने चर्चगेटला. फाटकावर तिला सांगतील, कॅमेरा बाहेर ठेव. कुठे? स्टेडियमबाहेरचे टपरीवाले पैसे घेऊन बॅगा सांभाळतात. ना पावती, ना हमी. तिच्या सहा महिन्यांच्या बचतीचा तो कॅमेरा ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या हवाली करील की तिकीट फाडून परत फिरेल? आत गेलीच तर रात्रीचा सामना संपेपर्यंत डहाणूची गाडी गेलेली असेल. ज्याचे घर दादरला आहे त्याला कॅमेरा घरी ठेवून यायची सोय आहे. बंदी सगळ्यांना सारखी असते, तिचा भार मात्र सारखा नसतो.

आणि आता या चित्राची दुसरी बाजू. स्टेडियमच्या दारात ज्या भिंगाला माप लागते, तेच भिंग डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कुठल्याही मापाशिवाय फिरते. चैत्र पौर्णिमेला महालक्ष्मीची यात्रा भरली की शहरातून गाड्या भरून हौशी छायाचित्रकार येतात. तारपा वाजू लागला, बाया-बापड्यांनी हातात हात गुंफून फेर धरला की पन्नास भिंगे रोखली जातात. अंगणात भात पाखडणारी म्हातारी, नाक वाहणारे पोर, झोपडीच्या दारातली बाळंतीण, सगळ्यांचे फोटो निघतात. कोणी विचारतो? कोणी नाव लिहून घेतो? कुपोषणाची बातमी आली की उघड्या बरगड्यांचा एक फोटो छापतात आणि खाली लिहितात, ‘एक आदिवासी बालक’. त्या बालकाला आईबापांनी ठेवलेले नाव नसते काय? लक्षाधीश खेळाडूच्या चेहऱ्याभोवती इंचांचा पहारा आणि आदिवासी बाईच्या चेहऱ्याला वेस नाही, कुंपण नाही, मालक नाही! एकाच कॅमेऱ्याचे हे दोन कायदे आहेत. पाचव्या अनुसूचीतला हा मुलूख. इथे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहज घेता येत नाही. त्याचा चेहरा मात्र कोणीही उचलून नेतो.

ही रीत आजची नाही. इंग्रजांच्या सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड छापले. देशभरच्या जातीजमातींची माणसे त्यासाठी कॅमेऱ्यापुढे उभी केली आणि खाली त्यांच्या स्वभावाविषयी मनाला येईल ते लिहिले. ज्याचा फोटो निघाला त्याला त्या मजकुराबद्दल विचारण्याचा प्रश्नच नव्हता. साहेब गेला, त्याची सवय राहिली.

उलट बाजूचे उदाहरणही याच मातीतले आहे. वारली बायका लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. दरम्यान वारली चित्रे साड्यांवर, चहाच्या कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर कोणीही छापू लागले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. उशिरा का होईना, हा आकार आमचा आहे असे कायद्याच्या भाषेत म्हणता आले. भिंतीवरच्या चित्राबाबत जे जमले ते कॅमेऱ्यातल्या चित्राबाबत अजून सुरूही झालेले नाही.

चळवळीला हे नवे वाटू नये. क्रिकेटचेच घ्या. पळवणकर बाळू या चर्मकार समाजातल्या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्याआधी पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकणारे त्यांचेच सहकारी त्यांना चहा तंबूच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात हे सारे नोंदवले आहे. संघाच्या फोटोत बाळू इतरांबरोबर दिसतात. तंबूबाहेरचा चहा कुठल्या फोटोत येत नाही, कारण असले प्रसंग टिपायला कोणी कॅमेरा लावत नसे. याच बाळूंना पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे करण्यात आले आणि बाबासाहेब निवडून आले, हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. फोटो कोणी काढायचा हे ज्याने ठरवले, त्याने काय आठवायचे आणि काय विसरायचे हेही ठरवले.

सहा डिसेंबरची चैत्यभूमी आठवा. लाखो लोक शिस्तीने रांगेत उभे राहतात, लाखो रुपयांची पुस्तके विकत घेतात. आणि दुसऱ्या दिवशी प्रस्थापितांच्या वृत्तपत्रात वर्षानुवर्षे कोणता फोटो येत राहिला? शिवाजी पार्कवरचा कचरा आणि दादरची वाहतूक कोंडी! फोटो खोटा नव्हता. भिंग कुठे वळवायचे ते ज्याच्या हातात होते त्याने ते तिकडे वळवले, एवढेच. याच शहरात सुधारक ओलवे यांनी आपला कॅमेरा मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांकडे वळवला, गटारात उतरणारी माणसे जगाला दाखवली, आणि २०१६ साली पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. हात बदलला की काय होते त्याचा हा पुरावा.

म्हणून वानखेडेच्या फाटकाशी भांडत असतानाच आपल्या तरुणांनी दुसरीकडेही पाहावे. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा दरवर्षी होतात, आधी प्रकल्पस्तरावर, मग विभागावर, मग राज्यावर. डहाणू हे प्रकल्पाचे ठिकाण आहे. कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल, धावणे. तिथे भिंगाला माप नाही, मक्तेदार नाही, सीमारेषेवर बसायला कोणाचे पत्र लागत नाही. आणि छायाचित्रकारही नाही! बक्षीस देणाऱ्या साहेबाचा फोटो निघतो, अनवाणी धावून पहिली आलेल्या मुलीचा निघत नाही. निघालाच तर साहेबाच्या शेजारी, कोपरापासून कापलेला.

ज्याच्याकडे साधा कॅमेरा आहे त्याने तिथे जावे. भर उन्हात धावण्याची शर्यत टिपायला ७० ते ३०० चे भिंग पुरते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवले की पाय गोठतो, उडालेली धूळही दिसते. कबड्डीला तर लांब भिंगाची गरजच नाही. मैदान लहान, खेळाडू समोर. संध्याकाळी दिव्याखाली सामना असेल तर ५० मिलिमीटरचे १.८ छिद्राचे भिंग घ्यावे. सगळ्यात स्वस्त भिंगांपैकी ते एक आहे आणि अंधारात महागड्या झूमपेक्षा चांगले काम देते. गुडघ्यावर बसून काढा. उभ्याने काढलेल्या फोटोत पोरे बुटकी दिसतात. शहरातल्या छायाचित्रकारांनी काढलेले आपल्या मुलांचे बहुतेक फोटो असेच वरून खाली पाहणारे आहेत.

पण आपण भिंग हातात घेतले म्हणून आपल्याला पाड्यावर मोकळे रान मिळाले असे नाही. जे दुसऱ्याने केले तेच आपण केले तर काय बदलले? मुले अल्पवयीन असतात, मुख्याध्यापकाची परवानगी घ्या, आईबाप असतील तर त्यांना विचारा. फोटोखाली मुलीचे नाव, शाळा आणि पाडा लिहा. ‘एक आदिवासी खेळाडू’ असे लिहाल तर तुमच्यात आणि साहेबाच्या आठ खंडांत फरक राहणार नाही. फोटोची एक प्रत तिच्या घरी पोहोचवा. दहा-वीस रुपयांची ती प्रत, पण भिंतीवर लागली तर त्या घरात पहिल्यांदा कोणाचे तरी जिंकणे टांगलेले असेल. आणि एक कायद्याची गोष्ट. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता ते काढणारा असतो आणि पहिला मालकही सहसा तोच. नोकरीत किंवा पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढले तर मालकी दुसऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून कुठल्या संस्थेने कार्यक्रमाचे फोटो काढायला बोलावले तर हक्क कोणाकडे राहणार ते आधी कागदावर घ्या. ज्याचा फोटो निघाला त्याला हा कायदा काहीच देत नाही. त्याची काळजी घेणे कॅमेरा धरणाऱ्याच्या नीतीवर सोडलेले आहे.

आता फाटकाचे. मुंबई क्रिकेट असोसिएशन डहाणूपर्यंतची पोरे आपली मानत असेल तर तिने काही गोष्टी कराव्यात, आणि त्या अवघड नाहीत. कॅमेऱ्यावर बंदी आहे की माप आहे, माप असेल तर ते मिलिमीटरचे की इंचांचे, नळी बंद धरायची की उघडी, हे तिकीट विकण्यापूर्वी मराठीत छापून सांगावे. दूरवरून येणाऱ्यासाठी फाटकाजवळ सामान ठेवायची खोली असावी, पावती मिळावी. रेल्वेच्या मोठ्या स्टेशनांवर ही सोय असते, कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्यांना ती का जमू नये? रणजी सामन्यांना मोठाल्या स्टेडियमांत खुर्च्या ओस पडलेल्या असतात, तिथे कुठल्या मक्तेदाराचे नुकसान होणार आहे? त्या सामन्यांना छोट्या वृत्तपत्रांच्या आणि शिकाऊ छायाचित्रकारांच्या काही जागा राखून ठेवाव्यात आणि त्यात डहाणू, पालघर, बदलापूर अशा टोकाच्या भागांना आधी संधी द्यावी. राखीव शब्द ऐकून कोणाच्या पोटात दुखत असेल तर त्यांनी पाहुण्यांच्या कक्षाकडे पाहावे. तिथल्या जागा किती वर्षांपासून आणि कोणासाठी राखीव आहेत?

पालघर जिल्हा होऊन १ ऑगस्ट २०१४ पासून दशक उलटले. जिल्हा क्रीडा कार्यालयाने आणि डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्पाने आपल्या स्पर्धांना स्थानिक मुलामुलींतूनच छायाचित्रकार नेमावेत, त्यांना दिवसाचे मानधन द्यावे, आणि विजेत्यांची नावांसह छायाचित्रे दरवर्षी शाळांच्या भिंतीवर लावावीत. मंडप आणि हारतुऱ्यांवर होणाऱ्या खर्चातून एवढे सहज भागेल. येत्या हिवाळ्यातल्या स्पर्धांची आखणी होण्याआधी दोन्ही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी या मागण्यांचे निवेदन प्रकल्प अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावे आणि त्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.